दाखल्याची मागची बाजू

आमच्या घरात सकाळचा पहिला आवाज काचेचा असायचा. अम्मीने चूल पेटवायच्या आधीच अब्बा ओसरीवर गोणपाट पसरून बसलेले असत आणि बांगड्यांची एकेक माळ उचलून कानाजवळ नेत. माळ म्हणजे दोऱ्यात ओवलेल्या दोन-तीन डझन बांगड्या. ती हलकेच हलवली की किण्ण असा लांब आवाज येतो. त्यात एक जरी तडकलेली असली तरी माळ बद्द वाजते. तडा डोळ्यांना दिसत नाही, कानाला कळतो. अब्बा ती माळ सोडून नेमकी तीच बांगडी बाहेर काढत आणि बाजूला ठेवत. गिऱ्हाइकाच्या हातात ती एक दिवस टिकली असती, कदाचित दोन. पण अब्बांनी ती कधी विकली नाही. मग लाकडी पेटीच्या तळाशी कुटाराचा, म्हणजे भुशाचा, थर, त्यावर अम्मीच्या जुन्या साडीच्या चिंध्या, त्यावर माळा, पुन्हा कुटार. पेटी डोक्यावर, कधी सायकलवर, कधी एस. टी.च्या टपावर. चिखलीचा बाजार, हिवरा आश्रमाची गर्दी, मधली खेडी. काच घेऊन आयुष्यभर फिरलेला हा माणूस, पण त्याच्या हातून वाटेत माल फुटल्याचं मला आठवत नाही. हे आधी सांगते आहे, कारण पुढे जे घडलं ते या जपणुकीतूनच घडलं.

घरातली आमची बोली म्हणजे हिंदी आणि वऱ्हाडीची खिचडी होती. अम्मीशी एक, शेजारच्या सरूकाकूशी दुसरी, आणि अब्बा तर वाक्याच्या मधेच एकीतून दुसरीत जात. इथे मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीतच लिहिते आहे. गावात उर्दू शाळा नव्हती, म्हणून मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत गेले, आणि लिहायला लागले ती मराठीतच. माझ्या मराठीत काही चुकलं असेल तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. एवढी वर्षं कॉलेजात शिकवूनही हे वाक्य लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

अब्बा स्वतःला अंगठाबहाद्दर म्हणवत. ‘शाळेची पायरी चढलो नाई आपून,’ हे ते हसत सांगत, आणि गिऱ्हाइकं हसत. मात्र मला शिकवायचं हे त्यांनी कधी ठरवलं ते मला माहीत आहे. बांगड्या भरणारा माणूस बाईचा चेहरा फार पाहत नाही, हात पाहतो. निंदणीचे हात, कापूस वेचून बोंडांनी ओरबाडलेले हात, धुण्याने फुगलेले हात. ते अलगद दाबून, अंगठा आत वळवून, बांगडी सरकवायची. एकदा आमच्या गावात बदलून आलेल्या नर्सबाई ओसरीवर येऊन बसल्या. त्यांच्या मनगटावर घड्याळ होतं, बोटाला शाई होती. अब्बांनी त्यांच्या हातात डझनभर बांगड्या भरल्या आणि त्या गेल्यावर अम्मीला म्हणाले, “पूरे तालुक्यातले हात पाह्यले म्या. पन हा हात स्वतःच्या भरवशावर होता.” अम्मी भाकर थापत होती. ती म्हणाली, “मंग?” अब्बा म्हणाले, “मंग काई नाई. नसीमचा हात तसा पाह्यजे.” मी तेव्हा दुसरीत होते. भाकर तव्यावर पडल्याचा आवाज आणि हे वाक्य माझ्या डोक्यात अजून एकत्रच आहेत.

शिक्षण कसं असतं हे त्यांनी इंगळे गुरुजींना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांना, विचारून घेतलं होतं. गुरुजींनी त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं की गफूरभाई, तुमच्या बांगड्यांसारखीच शाळेचीही मापं असतात. दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. हे अब्बांना इतकं पटलं की पुढे ते गावोगाव बांगड्या भरता भरता सांगत फिरले, “पह्यली ते सातवी आपल्या गावची. आठवी ते दहावी चिखलीची, दहावीले बोर्ड. मंग अकरावी-बारावी, पुन्हा बोर्ड. मंग तीन सालची डिग्री. मंग अमरावतीले विद्यापीठ, तिथं दोन साल.” विद्यापीठ हा शब्द ते जरा थांबून, पेटीचं झाकण उघडावं तसा उच्चारत. ऐकणाऱ्या बायांना हसू यायचं. सरूकाकू तर तोंडावर बोलायची, “गफूरभाई, पोट्टीले इतलं शिकवसान तं तिच्या मापाचा नवरा कुठून आनसान?”

“बांगडी लहान पडली तं हात कापते का कोनी, सरूबाई?” अब्बा म्हणायचे. “बांगडी बदलते.”

“अन् नाईच भेटली मोठी तं?”

“तं हात मोकळा राहीन. तुमचाच हात पाहा, तीन माळा उलट्या करून राह्यलो सकाळपासून, भेटली का?” यावर सरूकाकू त्यांच्या पाठीत धपाटा घालायची आणि ओसरीवर हशा पिकायचा.

सातवी संपली. आमच्या वर्गात आम्ही नऊ मुली होतो. चिखलीला जाणार मी एकटी. बाकीच्यांच्या घरी सातवी म्हणजे शेवट असं कोणी ठरवलं नव्हतं. गावातली शाळा तिथे संपत होती, म्हणून त्यांचं शिकणंही तिथे संपलं. अम्मीलाही काळजी होती. रोज जीपने जायचं, संध्याकाळी यायचं, बरोबर कोणी नाही. पण निकालाच्या दिवशी तिने ईद नसताना शेवया केल्या, दूध आटवून, वरून चारोळी घालून. त्यावरून मला कळलं की ती मानली आहे. इंगळे गुरुजींनी शाळा सोडल्याचा दाखला लिहून दिला, निळ्या शाईत, तिरप्या सुंदर अक्षरात. म्हणाले, “गफूरभाई, हा कागद नीट जपा. याच्याशिवाय चिखलीची शाळा दारात उभं करणार नाही.”

नीट जपा, हे बांगडीवाल्याला सांगितलं होतं.

पुढच्या बाजारच्या दिवशी अब्बा चिखलीहून आले ते पिशवी छातीशी धरून. ओसरीवर बसून त्यांनी चिंधीत गुंडाळलेला दाखला काढला. तो चकाकत होता. दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिक, कडा कापून गोल केलेल्या. चिखलीच्या बसस्टँडसमोर लॅमिनेशनचं नवं मशीन आलं होतं. दुकानदाराने सांगितलं होतं की पाण्यात टाका, मळू द्या, काही होणार नाही. अब्बांनी खरोखर तांब्यातलं पाणी त्यावर ओतून दाखवलं. थेंब ओघळून गेले. अम्मीने बोट फिरवून पाहिलं. सरूकाकू म्हणाली, “आरसाच झाला की हो!” त्या रात्री दाखला पेटीत, दोन-चारच्या माळांच्या मधे, चिंध्यांवर झोपला. मलाही तेव्हा तो जगातला सर्वांत सुंदर कागद वाटला होता, हे कबूल केलं पाहिजे.

हल्ली जून महिन्यात मी आमच्या कॉलेजात कागदपत्र तपासणीच्या टेबलावर बसते. सगळं आता मोबाईलवर भरलं जातं, तरी मूळ कागद पाहावेच लागतात. दरवर्षी एखादं पोर असं येतं, ज्याच्या बापाने किंवा आईने सगळे कागद प्लास्टिकमध्ये घालून आणलेले असतात. शेजारचे सहकारी वैतागतात. मी त्या पोराला खुर्ची देते.

मी आणि अब्बा प्रवेशाला गेलो त्या दिवशी चिखलीच्या हायस्कूलच्या खिडकीत जे बाबू बसले होते त्यांनी दाखला हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. आमच्या मागे रांग होती. ते म्हणाले, “हे काय करून आणलं?”

“लॅमिनेशन, साहेब,” अब्बा अभिमानाने म्हणाले.

“ते दिसतंय मले. आता मी याच्या मागच्या बाजूवर शिक्का कुठं मारू? प्रवेश दिल्याचा शेरा मागं लिहावा लागते, सही करावी लागते, मंग हा फाइलीत टाचावा लागते. प्लास्टिकवर शाई बसते का?” त्यांनी खरंच शिक्का मारून दाखवला. निळा डाग बोटाने पुसला गेला. “दाखला भिताडावर लावायचा फोटो नसते हो, भाऊ. दुसरी प्रत आना. उद्या शेवटचा दिवस हाय, अन् मुलींच्या वर्गात तीन जागा राह्यल्या. मंग मले म्हनू नका.” माणूस वाईट नव्हता. पुढच्या मुलाचा कागद हातात घेता घेता ते एवढंच म्हणाले, “वाचता येत नाई तं कोनाले इचारावं माणसानं.”

रांगेतले लोक हसले. मोठ्याने नाही, पण मला ते हसणं पाठीवर जाणवलं. बाहेर आल्यावर मी अब्बांना म्हणाले, “तुम्हाले समजत नाई तं काऊन केलं?” तेरा वर्षांच्या मुलीने म्हटलेलं हे वाक्य. ते मला परत घेता आलं असतं तर मी माझी कुठलीही पदवी त्यासाठी दिली असती. अब्बांनी मान हलवली. “हाव, चुकलं,” म्हणाले. आवाज बद्द आला. मी त्यांच्याच ओसरीवर वाढलेली मुलगी. मला तो आवाज ओळखू आला, आणि तरी मी गप्प बसले.

तिथेच, शाळेच्या भिंतीलगत, निंबाच्या सावलीत ते बसले. जवळच्या हॉटेलातून पाणी आणि साबणाचा तुकडा मागून आणला. घट्ट बसलेली बांगडी उतरवायची तर हाताला साबण लावतात, मनगटाकडून हळूहळू फिरवत आणतात; घाई केली तर काचही जाते आणि कातडीही. तीच युक्ती त्यांनी दाखल्यावर केली. कडेला ब्लेडने चीर दिली, साबणाचं पाणी आत सोडलं, आणि दोन्ही अंगठ्यांनी प्लास्टिक मागे लोटायला लागले. इतक्या हळू की बघणाऱ्याला हात हलतोय हेही कळू नये. अर्ध्या तासात कोपरा सुटला. मला क्षणभर वाटलं, जमलं. मग प्लास्टिकच्या पोटाला चिकटून कागदाची साल निघाली, आणि तिच्यासोबत माझं नाव. गुरुजींची तिरपी अक्षरं प्लास्टिकवर, उलटी. खाली ओला पांढरा कागद. अब्बा बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या हातून फुटलेली मी पाहिलेली ती पहिली वस्तू.

दुपारच्या जीपने परत आलो तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. इंगळे गुरुजी वर्गखोलीला कुलूप लावत होते. अब्बांनी चिंधी उघडून त्यांच्यापुढे धरली. गुरुजींनी पाहिलं, आणि मला भीती वाटली होती तसे ते हसले नाहीत. “चूक माझी,” म्हणाले. “जपा म्हणालो, कसा जपा ते सांगितलं नाही. या.” त्यांनी ऑफिस उघडलं. दुय्यम प्रत देता येते, मूळ कागद परत करायचा आणि एक अर्ज द्यायचा, एवढंच. अर्ज त्यांनीच लिहिला आणि अब्बांपुढे सरकवला. “इथं सही.”

“शाईचा डबा असन तं द्या. आपला अंगठा.”

गुरुजी पेन टेकवून थांबले. “गफूरभाई, एक विचारू? या उन्हाळ्यात जुन्या रजिस्टरांना वाळवी लागली होती. पान न् पान मी अंगणात उन्हाला लावलं. त्यात तुमचं नाव वाचलं मी. तुम्ही तर शाळेची पायरी चढलो नाही म्हणता.”

गुरुजींनी कपाटाच्या खालच्या कप्प्यातून एक जाड रजिस्टर काढलं, कोपरे कुरतडलेले, कापडाची पाठ उसवलेली. माझं नाव ज्या रजिस्टरात होतं त्याच्या शेजारीच ते ठेवलेलं असायचं. पान शोधून त्यांनी मला जवळ बोलावलं. “तू वाच, नसीम.”

मी वाचलं. अब्बांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, गाव. प्रवेश दिला ती इयत्ता पहिली. सोडली ती इयत्ता तिसरी. शाळा सोडल्याचं कारण: सतत गैरहजर. वर्तणूक: चांगली. मग माझं बोट पुढच्या रकान्यावर गेलं. प्रगती: चांगली.

“गैरहजर नव्हतो,” अब्बा हळूच म्हणाले. “पेटी होती डोक्यावर. वालिद एकटे पडत.” ते रजिस्टरावर वाकले, जणू इतक्या वर्षांत विसरलेल्या अक्षरांतलं काही त्यांना ओळखू येणार होतं. “हे पुढचं काय म्हनली तू?”

“प्रगती चांगली.”

“कोनी लिहिलं?”

“त्या वेळच्या मास्तरांनी,” गुरुजी म्हणाले.

“मले तं कोनी सांगितलं नाई,” अब्बा म्हणाले.

बाहेर हापशावर कोणी बादली भरत होतं, दांड्याचा कुईकुई आवाज येत होता. मग गुरुजींनी शेवटचा रकाना दाखवला, दाखला मिळाल्याची सही. तो कोरा होता. “तुमचा दाखला तुम्ही नेलाच नाही. अजून मिळू शकतो.”

अब्बांनी डोळे टिपले आणि त्यांना पुन्हा त्यांचं हसू सापडलं. “आता कोन्या शाळेत टाकता मले, गुरुजी? आधी पोरीचा द्या. उद्या शेवटचा दिवस हाय.” वाटेत मी त्यांची पिशवी माझ्या हातात घेतली. त्यांनी मला सांगितलं की अर्धी शाळा सांगण्यासारखी गोष्ट नसते. अर्धी सांगितली की लोक विचारतात, पूर्ण काऊन नाई केली. काहीच नाई म्हटलं की कोणी विचारत नाही. मी ‘अब्बा, सकाळी मी...’ एवढं म्हणाले. ते म्हणाले, “अम्मीले सांगजो नको साबनाचं. हसन ते.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या जीपने गेलो. दुय्यम प्रत वहीच्या दोन पुठ्ठ्यांमधे, दोऱ्याने बांधलेली, वर काही नाही. खिडकी उघडली तेव्हा रांगेत आमचाच पहिला नंबर होता. बाबूंनी दाखला घेतला, उलटा केला, मागच्या कोऱ्या बाजूवर दणकन शिक्का मारला, शेरा लिहिला, सही केली आणि सळईने भोक पाडून फाइलीत ओवला. माळेत बांगडी ओवावी तसा. अब्बा ते सगळं डोळ्यांत साठवत होते. “झालं?” त्यांनी विचारलं. “झालं,” बाबू म्हणाले, आणि जरा थांबून, “पोरगी हुशार दिसते, भाऊ.”

“प्रगती चांगली हाय,” अब्बा म्हणाले.

त्यानंतर मी किती दारांत उभी राहिले. दहावीच्या बोर्डाच्या निकालाला आमची सगळी ओसरी भरली होती. अकरावीला इंग्रजीतून बोलणाऱ्या मुलींच्या मागच्या बाकावर मी एक वर्ष जवळजवळ मुकी बसले. डिग्रीच्या कॉलेजात भूगोलाच्या सरांनी मला पहिल्यांदा नकाशा काढायला फळ्यापाशी बोलावलं. अमरावतीच्या विद्यापीठात वसतिगृहाच्या खोलीत मला काचेच्या आवाजाशिवाय जाग यायची नाही, म्हणून अम्मीने सुटलेल्या माळेतल्या चार बांगड्या खिडकीत टांगायला दिल्या. प्रत्येक दारात एक कागद घेतला गेला, मागे शिक्का मारून ओवला गेला, आणि निघताना दुसरा मिळाला. आमच्या घरात ही सगळी मापं याआधी कोणाच्याच हातात गेली नव्हती. आज कोणी मला विचारलं की इतकी शिकलीस कशी, तर मी थोडी अडखळते. मग सांगते की एक माणूस डोक्यावर पेटी घेऊन सगळा रस्ता आधी पाठ करून बसला होता.

एम. ए.चा निकाल घेऊन मी घरी आले त्या दिवशी ओसरीवर गोणपाट पसरलेलं होतं. सरूकाकू, आता दात पडलेली, तिथे आधीच बसली होती. अम्मीने शेवयांचं दूध चुलीवर चढवलं होतं. अब्बांनी माझी गुणपत्रिका हातात घेतली, उलटी केली, मागची बाजू कोरी आहे हे पाहून समाधानाने मान हलवली. मग पेटी उघडली. चिंध्या बाजूला केल्या, आणि दोन पुठ्ठ्यांमधे दोऱ्याने बांधलेला एक कागद काढला. इंगळे गुरुजी निवृत्त झाले होते. नव्या मुख्याध्यापकांकडे जाऊन, अर्ज करून, अब्बांनी तो आदल्या आठवड्यात आणला होता. त्यांचा स्वतःचा दाखला. इयत्ता तिसरी.

“लॅमिनेशन नाही केलं?” मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून बोलले.

“कायले? मागं जागा राहू दे,” ते म्हणाले. “काय सांगावं.”

सरूकाकू म्हणाली, “घ्या, आता गफूरभाई चालले चौथीत!” अम्मी चुलीपाशी पदर तोंडाला लावून हसली. अब्बाही हसले. मग त्यांनी कागद माझ्यापुढे धरला, आणि बोटाने बरोब्बर तो रकाना दाखवला. तो त्यांनी कोणाकडून तरी ओळखून घेतला असणार.

“वाच.”

मी वाचलं, प्रगती चांगली.

त्यांनी डोळे मिटून, मान जराशी कलती करून ऐकलं. माळ कानाजवळ नेताना ते ऐकत, तसं.

“अजून एक डाव,” ते म्हणाले.